जुन्या बोलेरोला घरी हिच बसवून बचावाच्या बोटीचा ट्रेलर ओढता येईल का?

प्रश्न
नदीकाठचा, ता. पलूस

नमस्कार. आमचे गाव कृष्णेच्या काठावर आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानतात आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या गावाचे काय झाले असेल हे या भागातील वाचकांना सांगायला नको. त्याच महिन्यात आमच्या तालुक्यातील ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. त्यानंतर आमच्या तरुण मंडळाने वर्गणी काढून चौदा फुटी फायबरची बोट आणि पंचवीस हॉर्सपॉवरचे इंजिन घेतले.

बोट गावाच्या वरच्या अंगाला, पाणी पोहोचत नाही अशा शेडमध्ये ठेवतो. तिथून घाट चार किलोमीटरवर आहे. आजवर बोट दहा-बारा जणांनी उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायची आणि घाटावर तशीच उतरवायची, असे चालले होते. पण जुलै २०२१ च्या पुरात गावातील प्रत्येक ट्रॉली जनावरे आणि धान्य हलवण्यात गुंतलेली होती, आणि बोट शेडमध्ये असूनही पाण्यात जायला आम्हाला पाऊण तास उशीर झाला. तो पाऊण तास माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझ्याकडे २००९ सालची बोलेरो आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर गेल्या वर्षी पुढील पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आहे. तिला मागे हिच (ट्रेलर जोडण्याची चौकट) बसवून दोन चाकी ट्रेलरवर बोट कायम तयार ठेवावी, असा विचार आहे. गावाजवळच्या एका वेल्डिंगवाल्याने ट्रॅक्टरला असतो तसा पिनचा हूक चासीला अर्ध्या दिवसात वेल्ड करून देतो असे सांगितले. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नेमके सांगता येत नाही. माझ्याकडे ड्रिल मशीन, ग्राइंडर, पाने आणि दोन जॅक आहेत, आणि शेतीपंपांची दुरुस्ती मी स्वतः करतो. हे काम घरी नीट होईल का? एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे : ही गाडी २०१९ मध्ये दोन दिवस पाण्यात उभी होती.

उत्तर
फॅब्रिकेशन, कुपवाड

आपण शेवटी लिहिलेले वाक्य माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. हिच कितीही मजबूत घडवला तरी तो ज्या लोखंडाला धरून राहणार, त्याच्याइतकीच त्याची ताकद. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गाळ चासीच्या पोकळ भागांत, दोन पत्रे जोडलेल्या सांध्यांत आणि पाट्यांच्या ब्रॅकेटमागे बसतो. तो वरून वाळल्यासारखा दिसला तरी प्रत्येक पावसाळ्यात ओल धरतो आणि लोखंड आतून खातो. बाहेरचा काळा रंग मात्र जसाच्या तसा राहतो. त्यामुळे हिचचे माप घेण्याआधी चासी तपासा.

तपासणी अशी करावी. गाडी सपाट काँक्रीटवर घेऊन पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, मागून उचलून ती स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. आपल्याकडे दोन जॅक आहेत, पण स्टँड असल्याचे आपण लिहिलेले नाही, तेव्हा ते आधी आणा. मग लोखंडी ब्रशने मागचे आडवे मेंबर (चासीची लोखंडी तुळई), दोन्ही लांब मेंबरांची मागची टोके आणि मागच्या शॅकलचे (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचे) ब्रॅकेट घासून स्वच्छ करावेत आणि छोट्या हातोडीने दर दोन-तीन इंचांवर ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते. आतून खाल्लेले लोखंड बद्द आवाज देते. जिथे आवाज बदलतो तिथे टोकदार टोचा दाबून पाहावा. टोचा आत गेला, किंवा गंजाचे पापुद्रे सुटून पत्रा पातळ झालेला दिसला, तर हिचचे काम तिथेच थांबवावे.

आता वेल्डिंगविषयी. मी स्वतः वेल्डिंगवर पोट भरतो, तरीही चासीला हूक वेल्ड करू नका असेच सांगेन. वेल्डच्या कडेला जो पट्टा तापून थंड होतो तिथे लोखंडाचा गुण बदलतो, आणि रोज हिसके बसणाऱ्या जागी भेग बहुतेक वेळा वेल्डमध्ये पडत नाही, त्या शेजारच्या पट्ट्यात पडते. ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगाने चालतो आणि त्याचा मागचा भाग ओतीव, जाड असतो. जीपच्या चासीचा पत्रा काही मिलिमीटरचा असतो. शिवाय वेल्ड केलेला हूक काढून खालची जागा पुन्हा तपासता येत नाही. बोल्टने बसवलेला हिच दर वर्षी सोडवता येतो, आणि पुरात भिजलेल्या गाडीला ही सोय असलीच पाहिजे.

पिनच्या हूकविषयीही तेच. पिन आणि कडी यांच्यात सैलपणा असतोच. उसाच्या ट्रॉलीला तो चालतो, पण चाळीस-पन्नासच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला त्या सैलपणाचा धक्का बसतो. आपल्याला हिचवर लोखंडी गोळा, म्हणजे बॉल, आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर हवा. आपल्याकडे ५० मिलिमीटरचे आणि दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचे, असे दोन्ही बॉल मिळतात. शिवाय एक पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा, म्हणजे सुमारे ४७.६ मिलिमीटरचा लहान बॉलही कुठे कुठे दिसतो. लहान बॉलवर मोठा कपलर वरवर नीट बसल्यासारखा वाटतो आणि उसळी बसताच निघून येतो. बॉल आणि कपलर एकाच वेळी, एकाच दुकानातून, दोन्हींवर मापाचा शिक्का पाहूनच घ्यावेत.

चासी चांगली निघाली तर बसवण्याचे काम आपल्यासारख्या माणसाला घरी जमण्यासारखे आहे. हिचचा आडवा नळ आणि त्याच्या दोन बाजूंच्या पट्ट्या कुशल माणसाकडून तयार करून घ्या. पट्ट्या ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या असाव्यात. पट्ट्या लांब मेंबरच्या उभ्या बाजूला लागल्या पाहिजेत. मेंबर वाकतो तेव्हा सर्वाधिक ताण त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूंवर येतो, उभ्या बाजूच्या मध्यावर तो सर्वांत कमी असतो. म्हणून भोके मध्याजवळ पाडावीत आणि वरच्या किंवा खालच्या पत्र्याला ड्रिल लावू नये. कंपनीने आधीच पाडलेली भोके वापरता आली तर सर्वांत उत्तम. मेंबर पेटीसारखा बंद असेल तर आरपार बोल्ट आवळताना तो पिचकतो, त्यामुळे बोल्टभोवती आत बसेल असा जाड नळीचा तुकडा मेंबरच्या रुंदीएवढा कापून घालावा लागतो.

आधी पाच मिलिमीटरचे भोक पाडून मग टप्प्याटप्प्याने मोठे करावे. ड्रिल हळू चालवावे आणि तेल सोडत राहावे. ड्रिल लावण्यापूर्वी डिझेलची टाकी, डिझेलचे आणि ब्रेकचे पाइप आणि वायरिंग मेंबरच्या पलीकडून कुठून जाते हे हाताने चाचपून पाहा. मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण पलीकडच्या बाजूचा ब्रेक पाइप ड्रिलने फुटल्याचे मी पाहिले आहे. भोकाच्या उघड्या कडांना झिंक प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नये. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा ८.८ किंवा १०.९ असा आकडा हवा. आकडा नसलेला बाजारू बोल्ट कितीही जाड असला तरी घेऊ नये. १२ मिलिमीटरचा ८.८ बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण ८० ते ८५ न्यूटन मीटर आणि १०.९ चा साधारण १२० न्यूटन मीटर आवळतात. त्यासाठी टॉर्क रेंच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना) लागतो. एक दिवस मागून आणला तरी चालेल. नायलॉन कडीचे नवे नट वापरा आणि आवळल्यानंतर नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. शंभर किलोमीटरनंतर ती रेघ सरकली आहे का ते पाहून पुन्हा आवळा.

उत्तर
ऑटो इलेक्ट्रिशियन, सांगली

वायरिंगबद्दल थोडक्यात लिहितो. ट्रेलरचे टेललाइट, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर चालणे हा सुरक्षेचा प्रश्न आहे, विशेषतः पावसात आणि रात्री, आणि आपले काम नेमके त्याच वेळी असणार आहे. सात पिनांचे साधे गोल सॉकेट घ्या. त्याची नेहमीची रचना अशी आहे : पहिली पिन डावा इंडिकेटर, पिवळी वायर, दुसरी मागचा फॉग लाइट, निळी, तिसरी अर्थिंग, पांढरी, चौथी उजवा इंडिकेटर, हिरवी, पाचवी उजवा टेललाइट, तपकिरी, सहावी ब्रेक, लाल, सातवी डावा टेललाइट, काळी.

गाडीच्या जुन्या वायरला छेद देऊन ट्रेलरचे दिवे सरळ जोडू नका. २१ वॉटचा एक दिवा १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो. ब्रेकचे दोन दिवे वाढले की जुन्या स्विचवर आणि वायरवर साडेतीन अँपिअरचा बोजा वाढतो. बॅटरीवरून फ्यूजसह स्वतंत्र वायर मागे आणून गाडीच्या दिव्यांच्या वायरने फक्त रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) चालवावेत. ट्रेलरवर एलईडी दिवे घेतलेत तर बोजा आणखी कमी होतो. अर्थिंगसाठी बॉल आणि कपलरच्या स्पर्शावर विसंबू नये, पांढरी वायर थेट चासीपर्यंत न्यावी. प्रत्येक जोड क्रिम्प करून (पकडीने दाबून) त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

उत्तर
वाहन सल्लागार, मिरज

काम तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण कागदांचा विचार भोक पाडण्याआधी करावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन मानले जाते आणि कलम ३९ प्रमाणे त्याची नोंदणी आवश्यक आहे. ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे, हे कलम ६१ मध्ये आहे. कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला परस्पर करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने गाड्यांच्या पुढच्या क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले, ते याच कलमाच्या आधारे. म्हणून सांगलीच्या परिवहन कार्यालयाला लेखी अर्ज देऊन हिच आणि ट्रेलर या दोन्हींबाबत काय कागद लागतील हे लेखीच विचारा. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडूनही आपल्या मॉडेलची ओढण्याची मर्यादा लेखी मागवा. विमा कंपनीला न कळवता ट्रेलर जोडून अपघात झाला, तर दाव्याच्या वेळी वाद उभा राहील.

आपला हेतू सार्वजनिक आहे, तेव्हा अर्जाची एक प्रत तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणालाही द्या. मंडळाची बोट, इंजिन आणि चालवणारी माणसे यांची माहिती त्यांच्याकडे असणे पुराच्या दिवसांत आपल्यालाच उपयोगी पडेल.

उत्तर
कोयनाकाठ, सातारा

मी बरीच वर्षे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर बोटी चालवल्या आहेत आणि ट्रेलरवरून उतरवल्याही आहेत. वरच्या उत्तरांत वजनाचा हिशेब आलेला नाही, आणि बोटीच्या ट्रेलरच्या बाबतीत तो फार महत्त्वाचा आहे.

आपली बोट अंदाजे २१० किलो, इंजिन ५०, डिझेल किंवा पेट्रोल, दोर आणि लाइफ जॅकेट ४०, ट्रेलर १६० असे धरले तर एकूण ४६० किलो होतात. अंदाजावर न राहता साखर कारखान्याच्या किंवा बाजारातील वजनकाट्यावर एकदा खरे वजन करून घ्या. एकूण वजनाच्या सुमारे दहा टक्के भार बॉलवर यायला हवा, म्हणजे इथे ४५ ते ५० किलो. तो मोजण्यासाठी हळदीच्या किंवा बेदाण्याच्या दुकानातील प्लॅटफॉर्म काटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी ठेवून कपलर बॉलच्या उंचीवर काट्यावर टेकवायचा. बॉलवरचा भार कमी पडला तर ट्रेलर मागून शेपटीसारखा डुलू लागतो आणि वेग वाढला की गाडीलाही ओढतो. बोटीचे इंजिन अगदी मागच्या टोकाला असल्यामुळे बोटीच्या ट्रेलरला हा धोका नेहमीच जास्त असतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रेलरवर पुढे विंचचा (बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांब सरकवून बोटच पुढे घेणे. पुढे दगड किंवा वाळूची पोती ठेवून वजन साधू नये.

बॉलवरचा भार गाडीला जितका असतो त्याहून जास्त जाणवतो. बोलेरोच्या दोन आसांतील अंतर २६८० मिलिमीटर आहे. समजा, बॉल मागच्या आसापासून ११०० मिलिमीटर मागे आला, तर बॉलवरच्या ५० किलोंमुळे मागच्या आसावर ७० किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे २० किलो कमी होतात. पुढची चाके तेवढी हलकी झाली की ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हींची पकड कमी होते. पुराच्या वेळी मागच्या बाकांवर चार-पाच मुले चढून बसतील, तीही मागच्या आसाच्या आसपासच. ट्रेलर जोडलेला असताना गाडीत चालकासह चारांपेक्षा जास्त माणसे घेऊ नका आणि त्यांना पुढे व मधल्या बाकावर बसवा.

बॉलचा मध्य जमिनीपासून साधारण ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीवर यावा, म्हणजे ट्रेलर सपाट राहतो. दोन सुरक्षा साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना छेद देऊन हिचच्या चौकटीला अडकवा. बॉल सुटला तर ट्रेलरचा पुढचा दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. त्या बॉलला मात्र कधीही अडकवू नयेत.

पाण्यात उतरवताना दोन सवयी लावून घ्या. घाटावर पोहोचल्यावर आधी दिव्यांचे सॉकेट काढा. त्याहून चांगले म्हणजे दिवे बोटीच्या मागच्या फळीला सुटी पट्टी म्हणून लावा. दुसरे, चाकांचे हब (चाकाचा मधला भाग) हाताला गार लागेपर्यंत ट्रेलर पाण्यात घालू नका. गरम हब एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि तो पाणी ओढून घेतो. बेअरिंग त्यानेच जातात. घाईच्या वेळी थांबणे शक्य नसेल तर पूर ओसरल्यावर बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरणे टाळू नका.

एक सूचना मनापासून करतो. ओल्या, शेवाळलेल्या घाटावर बोट चढवताना मागची दोनच चाके ओढणारी बोलेरो घसरेल. तिथे ट्रॅक्टरसारखे साधन नाही. बॉल ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाही (मागच्या ओढण्याच्या दांड्यालाही) बोल्टने बसवता येतो. ट्रेलर असा बनवा की जे वाहन मोकळे असेल त्याला तो जोडता यावा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
नदीकाठचा, ता. पलूस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी स्टँड आणून गाडी उचलली. उजव्या बाजूला सगळीकडे खणखणीत आवाज आला. डाव्या बाजूला मागच्या शॅकलच्या ब्रॅकेटच्या पुढे चार-पाच इंच लांबीत आवाज बद्द येत होता. टोचा टेकवून दाबला तर तो आत गेला आणि बाहेर काढताना त्याच्याबरोबर गाळाची कोरडी माती आली. मागच्या आडव्या मेंबरच्या पोकळीतूनही मूठभर गाळ निघाला. सहा वर्षे मी याच गाडीतून घरच्यांना घेऊन फिरत होतो, आणि पाटे ज्या जागी धरलेले आहेत तीच जागा आतून पोकळ झाली होती.

त्यामुळे हिचचे काम थांबवले आहे. कुपवाडच्या बंधूंनी खासगी संदेशात गाडी दाखवायला बोलावले, त्याप्रमाणे सोमवारी नेली. खराब भाग कापून, मूळ जाडीचा तुकडा घालून, वरून आधारपट्टी देण्याइतकी जागा शिल्लक आहे असे त्यांचे मत पडले. पण दुरुस्त केलेल्या मेंबरवर हिचचा भार देऊ नये, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. ते मी मान्य केले. गाडी दुरुस्त होईल, पण बोट ती ओढणार नाही.

परिवहन कार्यालयात अर्ज दिला असून त्याची प्रत तहसील कार्यालयालाही दिली आहे. ट्रेलरचे काम मात्र त्या अर्जाच्या उत्तराप्रमाणे पुढे नेणार आहोत, आणि ५० मिलिमीटरचा बॉल मंडळातील दोन सदस्यांच्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला बसेल असे माप घेतले आहे. पूर आला की त्यांपैकी एक ट्रॅक्टर ट्रॉलीला न जोडता शेडपाशी उभा ठेवायचा, असे दोन्ही घरच्या मंडळींनी कबूल केले आहे. सातारच्या बंधूंना एकच विचारायचे आहे : ट्रॅक्टरचा ड्रॉबार बोलेरोच्या बॉलपेक्षा उंच येतो, तेव्हा ट्रेलर सपाट ठेवण्यासाठी बॉल खाली उतरवणारी पट्टी लावावी, की ट्रेलरचा दांडाच वर वळवून घ्यावा?

उत्तर
कोयनाकाठ, सातारा

दांडा वळवू नका. एकाच ट्रेलरला दोन वेगवेगळे ट्रॅक्टर जोडायचे आहेत, तर प्रत्येक ट्रॅक्टरला त्याच्या उंचीप्रमाणे खाली उतरवणारी जाड पट्टी दोन बोल्टांनी लावा, म्हणजे दोन्ही बॉल जमिनीपासून एकाच उंचीवर येतील. एकाच बोल्टवर पट्टी ठेवली तर ती वळणावर फिरते. मागच्या टायरमधील हवा भरलेली असताना, सपाट जागी माप घ्या.